दीड वर्षाचा फेरेट घरी आणलाय, त्याला सांभाळायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन आठवड्यांपूर्वी दीड वर्षाचा नर फेरेट घरी आणला. दिवसभर मेल्यासारखा झोपतो, उठला की पायांना चावतो. अंगाला वास येतो म्हणून एक दिवसाआड शाम्पू लावून अंघोळ घालतात, तरी वास वाढतोच आहे. खायला मांजराचं कोरडं खाणं सकाळ-संध्याकाळ, मध्ये केळं, मनुका आणि दुधात बुडवलेलं बिस्कीट. आणि शेवटी विचारलंय की एकटा पडतो का, दुसरा आणावा का.

मी लहान प्राण्यांवर उपचार करतो आणि घरी फेरेट पाळलेलेही आहेत. माझ्याकडे येणाऱ्या फेरेटपैकी निम्म्यांचं दुखणं मालकाने मांजर समजून सांभाळल्यामुळे सुरू झालेलं असतं. फेरेट मांजराच्या कुळातला नाही, आणि अंगलट तशी दिसत असली तरी मुंगसाच्याही नाही. त्याचे भाऊबंद म्हणजे पाणमांजर, मिंक, वीझल. युरोपातल्या पोलकॅट या रानटी प्राण्याला माणसाने दोनेक हजार वर्षांपूर्वी माणसाळवलं, सशांच्या बिळात सोडून ससे बाहेर काढण्यासाठी. लांबट अंग, आखूड पाय, कुठल्याही भोकात डोकं घालायची खोड आणि मांसाशिवाय काहीच न पचवणारं पोट, हे सगळं त्या बिळात शिरून शिकार करणाऱ्या रानटी पूर्वजाकडूनच आलेलं आहे.

आधी खाण्याचं बोलतो, कारण तेच आजपासून बदलायला हवं. फेरेटच्या पोटात गेलेलं अन्न तीन-चार तासांत बाहेर पडतं. आतडं फार आखूड, आणि आपल्याकडे लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यावर जी पिशवी असते ती त्याला नसतेच. वनस्पतीजन्य अन्न कुजवून, आंबवून त्यातून काही काढून घ्यायला त्याच्याकडे ना जागा आहे ना वेळ. म्हणजे सकाळ-संध्याकाळ खाणं देताना तुम्ही त्याला दिवसातून दोनदा कडकडीत उपास घडवताय. खाणं वाटीत कायम असू द्या. बहुतेक फेरेट लागेल तेवढंच खातात, दिवसातून आठ-दहा वेळा चार-चार दाणे. पाण्याचं भांडं जड आणि पसरट ठेवा. नळीच्या बाटलीतून ते पुरेसं पीत नाहीत, आणि हलकं भांडं पाच मिनिटांत उलटं होतं.

पाकिटावर काय बघायचं? प्रथिनं ३५ टक्क्यांच्या आसपास, चरबी १५ ते २०, तंतू ३ टक्क्यांच्या आत, आणि घटकांच्या यादीत पहिली दोन-तीन नावं मांसाची. फेरेटसाठीचं चांगलं खाणं मिळत नसेल तर मांजराच्या पिल्लांचं उंची खाणं चालतं. मोठ्या मांजरांच्या, विशेषतः वजन कमी करायच्या खाण्यात तंतू आणि पिष्ट जास्त असतं, ते नको. कुत्र्याचं तर अजिबात नको. ‘धान्यविरहित’ लिहिलेलं पाकीट दिसलं की लोक निर्धास्त होतात. उलटून बघा, धान्याच्या जागी वाटाणा आणि बटाटा भरलेला असतो.

केळं, मनुका, बिस्कीट, दूध, सगळं बंद. दुधाने जुलाब होतात. गोडाने इन्सुलिन उसळतं आणि मागोमाग साखर खाली कोसळते, आणि या प्राण्याचं स्वादुपिंड ही आधीच दुखरी जागा आहे, त्याबद्दल पुढे सांगतो. तो आवडीने खातो हा युक्तिवाद माझ्यापुढे रोज केला जातो. लहान मुलंही आवडीने खडू खातात. बक्षीस द्यायचंच असेल तर शिजवलेल्या बिनमसाल्याच्या मांसाचा नखाएवढा तुकडा किंवा अंड्याचा थोडा बलक.

एक अडचण येईल. फेरेट पहिल्या काही महिन्यांत ज्या वासाचं खाणं खातो, त्यालाच पुढे अन्न मानतो. नवं खाणं समोर ठेवलं तर तो त्याला दगड समजून बाजूला ढकलेल. भूक लागली की खाईल, हा मांजरावाला हट्ट इथे चालवू नका. जुन्यात चिमूटभर नवं, कोमट पाण्यात भिजवून वास सुटेल असं, आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू प्रमाण उलटं करा.

आता झोप. चौदा ते अठरा तास झोपणं हे त्याचं नेहमीचंच आहे. त्यातही एक झोप अशी असते की उचललं तरी मान लुळी पडते, श्वासही जेमतेम जाणवतो. माझ्याकडे रात्री अपरात्री असे फोन आले आहेत, रडत रडत, आणि बोलता बोलताच पलीकडून ‘अहो, जांभई दिली’ असं ऐकू आलं आहे. गदागदा हलवू नका. नाकाजवळ मांसाचा तुकडा धरा, मिनिटभर थांबा.

जागा झाल्यावर मात्र तो झटकन तरतरीत व्हायला हवा. डोळे काचेसारखे स्थिर, मागचे पाय फरफटत, तोंडातून लाळ, पंजाने तोंड ओरबाडणं, असं दिसलं तर ती झोप नव्हे, रक्तातली साखर उतरली आहे. स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणारी गाठ होणं, ज्याला इन्सुलिनोमा म्हणतात, हा तीन-चार वर्षांपुढच्या फेरेटमधला फार नेहमीचा आजार आहे. हिरड्यांना थोडा मध चोळा (बोट दातांत न घालता, झटक्यात असलेला प्राणी करकचून चावतो), सावध झाला की लगेच मांसाचं खाणं द्या आणि तसेच दवाखान्यात जा. तुमचा दीड वर्षाचा आहे, त्याला हे आत्ता होण्याची शक्यता कमी. पण ही खूण आजच ओळखून ठेवा.

वासाचं कोडं सोपं आहे आणि उत्तर कोणालाच आवडत नाही: अंघोळ थांबवा. तो कस्तुरीसारखा उग्र वास त्वचेतल्या तेलग्रंथींचा आहे. शाम्पूने तेल निघालं की त्वचा कोरडी पडते आणि ग्रंथी भरपाई म्हणून आणखी तेल सोडतात. तुमचं ‘घालतो तरी वाढतोच’ हे त्याचंच वर्णन आहे. दोन-तीन महिन्यांतून एकदा अंघोळ पुरे, तीही गरज पडली तर. वास खरा साठतो तो अंथरुणात, म्हणून पिंजऱ्यातली झोळी आणि कापडं आठवड्याला गरम पाण्यात धुवा, शीचे ट्रे रोज साफ करा. कानातला तपकिरी मळ महिन्या-दोन महिन्यांनी कान साफ करायच्या द्रावाने ओल्या केलेल्या कापसाने पुसा. मळ काळा, कॉफीच्या चोथ्यासारखा असेल आणि तो कान खाजवत असेल तर ते कानातले किडे आहेत, दवाखान्यात औषध मिळतं. शेपटीखालच्या गंधग्रंथी काढून टाकल्या की वास जातो, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. त्या घाबरल्यावर फवारा मारायच्या, तो वास काही मिनिटांत विरतो. अंगाच्या रोजच्या वासाशी त्यांचा संबंध नाही.

संबंध कशाचा असतो, तर नर खच्ची केलेला आहे की नाही याचा. प्रश्नात हे लिहिलेलं नाही. खच्ची न केलेल्या नराला प्रजननाच्या हंगामात सहन होणार नाही इतका वास येतो, केस तेलकट पिवळट होतात, आणि तो जिथे तिथे मुतून हद्द आखतो. पण इथे घाईने शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नका, कारण या प्राण्यात गोष्ट गुंतागुंतीची आहे. दिवस मोठा होऊ लागला की मेंदूतून प्रजननग्रंथींना ‘कामाला लागा’ असा हुकूम सुटतो. ग्रंथी जागेवर असतील तर त्यांचे हार्मोन उलट मेंदूला आवरतात. त्या काढून टाकल्या की आवरणारं कोणी उरत नाही, हुकूम सुटतच राहतो आणि मूत्रपिंडाजवळची अ‍ॅड्रिनल ग्रंथी तो ऐकू लागते, सुजते, पुढे तिथे गाठ होते. शेपटीपासून सुरू होऊन वर सरकणारी टक्कल, खाज, शस्त्रक्रिया झालेल्या मादीचं जननांग पुन्हा सुजणं, नराला प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवी अडणं ही त्याची लक्षणं. यातलं शेवटचं, म्हणजे जोर लावूनही लघवी न होणं, हे त्याच दिवशी दवाखाना गाठायचं प्रकरण आहे. म्हणून हल्ली अनेक डॉक्टर शस्त्रक्रियेऐवजी किंवा तिच्या जोडीला डेस्लोरेलिनची कातडीखाली बसवायची कांडी सुचवतात. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी असते, वर्ष-दोन वर्षं तो हुकूमच दाबून ठेवते. फेरेट बघितलेल्या डॉक्टरशी हे बोला. आणि रात्री उशिरापर्यंत त्याच्या पिंजऱ्यावर दिवा जळत ठेवू नका, दहा-बारा तास खरा अंधार मिळू द्या.

दुसरा आणायचा विषय आहे म्हणून मादीचंही इथेच सांगतो. फेरेटची मादी माजावर आली आणि नराशी संग झाला नाही, तर ती आपोआप माजावरून उतरत नाही, कारण अंडं सुटायलाच संग लागतो. महिनोन्महिने ती तशीच राहते, रक्तातलं इस्ट्रोजेन चढं राहतं आणि ते हाडांमधल्या मज्जेला मारतं. रक्त तयार होणं थांबतं. हिरड्या पांढऱ्या पडलेल्या, पोटावर जांभळे ठिपके आलेल्या अशा माद्या मी पाहिल्या आहेत. त्या टप्प्याला हाती फार काही राहत नाही. पिल्लं नको असतील तर मादीच्या पहिल्या माजाआधीच डॉक्टरांकडे जाऊन सोय करायची, यात पुढे-मागे करायला जागा नाही.

चावण्याकडे वळू. फेरेटची कातडी जाड असते आणि आपसात खेळताना ते एकमेकांची मान धरून ओढतात, किंचाळतात, पुन्हा येतात. तुमचा घोटा त्यांच्या लेखी तसाच एक सवंगडी. पाठ कमानीसारखी करून, तोंड उघडं ठेवून, भिंतीवर आपटत तो आडवा-तिडवा उड्या मारतो आणि कोंबडी पुटपुटल्यासारखा ‘डुक डुक’ आवाज काढतो, तेव्हा तो रागावलेला नाही, आनंदाने वेडा झालेला आहे. शेपूट बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुलली आणि फिस्कारला, तर भ्यायलाय किंवा फार चेकाळलाय, तेव्हा हात लांब ठेवा.

मारू नका, नाकावर टिचकीसुद्धा नको. हात म्हणजे दुखापत हे एकदा मनात बसलं की खेळातला चावा भीतीचा होतो, आणि तो रक्त काढतो. चावला की खेळ तिथेच संपवा, मिनिट-दोन मिनिटं पिंजऱ्यात, मग पुन्हा संधी. फारच धरून बसला तर मानगुटीची सैल कातडी पकडून, खालून पायांना आधार देऊन उचला. बहुतेक फेरेट अशा वेळी ढिले पडून जांभई देतात. नखं कापायची युक्ती अशी: पोटावर सॅल्मनच्या तेलाचा थेंब लावायचा, तो चाटत बसतो, तुम्ही कापत बसा. दर दोन आठवड्यांनी.

एक गोष्ट तपासाच. तुमच्या फेरेटचं डोकं पांढरं आहे का, किंवा कपाळावरून मागे पांढरा पट्टा आहे का? अशा रंगाचे पुष्कळ फेरेट जन्मतः बहिरे असतात. मागून जाऊन उचललं की दचकतात आणि चावतात, आणि मालक त्यांना खुनशी ठरवतो. पाठीमागे किल्ल्यांचा जुडगा वाजवून बघा. बहिरा निघाला तर जवळ जाताना जमिनीवर थाप मारा, हादरा त्याला कळतो. पायाशी खेळायचं वेड कमी होईपर्यंत घरात जाड मोजे घाला. तान्ह्या मुलाजवळ मात्र कोणताच फेरेट एक क्षणही एकटा सोडू नये, कितीही गुणी असला तरी. ससे, उंदीर, पक्षी यांच्याशी त्याची ओळख करून द्यायच्या भानगडीत पडू नका, त्यांच्याकडे तो शिकार म्हणूनच बघणार.

घर. पिंजरा उंच, दोन-तीन मजली, गजांतलं अंतर अडीच सेंटीमीटरच्या आत, तळ जाळीचा नसलेला, आणि झोपायला कापडी झोळी. पण पिंजरा हे घर नाही, बिछाना आहे. रोज निदान चार तास तरी बाहेर मोकळा हवा. शीसाठी तो कोपऱ्यात पाठ लावून बसतो, म्हणून ट्रे कोपऱ्यातच ठेवायचा, आणि उठल्यानंतर दहा मिनिटांत त्याला त्यात नेऊन सोडायचं. ट्रेमध्ये कागदाच्या गोळ्या चांगल्या. ओल लागली की गोळा होणारी माती आणि पाइन किंवा देवदाराचा भुसा नको, दोन्ही श्वासाला त्रासदायक. शंभर टक्के शिस्तीची अपेक्षा मात्र ठेवू नका, मी ठेवलेली नाही.

मोकळा सोडण्याआधी जमिनीवर पोटावर झोपून खोली बघा. जिथे त्याचं डोकं जातं तिथे तो जातो. फ्रिजची मागची बाजू, कपाटाखालची फट, सोफ्याच्या खालच्या फाटक्या कापडातून आत. मागे सरकणाऱ्या आरामखुर्च्यांनी किती फेरेट चिरडले आहेत ते विचारू नका, घरात असेल तर ती खोली त्याला बंद. धुण्याचं यंत्र लावण्याआधी कपडे हाताने चाचपा.

आणि रबर. खोडरबर, चपलेचा मऊ तळ, इयरफोनची टोकं, रिमोटची बटणं, सोफ्यातला फोम, हे त्याला का आवडतं देव जाणे, पण तो चावून तुकडे गिळतो आणि ते आतड्यात अडकतात. दोन वर्षांखालच्या फेरेटला अचानक काही झालं की मी पहिला संशय यावर घेतो. उलटी होईलच असं नाही. खाणं सोडणं, गप्प पडणं, दात करकर चावणं, तोंड ओरबाडणं, शी बारीक दोऱ्यासारखी किंवा बंद, एवढंच दिसतं. उद्या बघू म्हणू नका. ज्या पोटातून अन्न चार तासांत जातं तिथे एक दिवस म्हणजे फार मोठा काळ. त्याची चोरीची जागा शोधून काढा. ‘फेरेट’ हा शब्दच चोर या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे, आणि प्रत्येकाची एक गुप्त ठेव असते, पलंगामागे नाहीतर कपाटाखाली. आठवड्याला ती तपासली की घरातलं काय धोक्याचं आहे ते तुम्हाला आयतं कळतं. सगळी रिकामी मात्र करू नका, हिरमुसतो.

उष्णतेबद्दल थोडक्यात पण गंभीरपणे. फेरेटला घाम जवळजवळ येतच नाही. २७ अंश सेल्सियसच्या वर तो अस्वस्थ होतो, तिशीपुढे उष्माघाताने मरू शकतो. नुसता पंखा त्याला उपयोगाचा नाही, कारण वाळवायला घामच नाही. खोली थंड हवी. तोंड उघडून धापा, लालभडक हिरड्या, फतकल मारून पडणं दिसलं तर पाय आणि पोट साध्या गार पाण्याने ओलं करा (बर्फाचं नको), मग पंखा, आणि तडक दवाखाना. डास असलेल्या भागात हृदयातल्या जंतांचं प्रतिबंधक औषधही विचारा. या एवढ्याशा हृदयाला एक-दोन जंतही पुरतात.

लसी दोन: डिस्टेंपर (कुत्र्यांनाही होणारा विषाणूजन्य आजार) आणि रेबीज. डिस्टेंपर झालेला फेरेट जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि तो विषाणू तुमच्या चपलेवरून घरी येऊ शकतो, त्यामुळे घराबाहेर नेत नाही हे कारण चालत नाही. कुत्र्याची कुठलीही लस उचलून टोचू देऊ नका, काहींमधल्या जिवंत विषाणूने फेरेटला तोच रोग झालेला आहे. लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसा, अ‍ॅलर्जीची उलटी किंवा जुलाब झाले तर तिथेच उपचार होतो. शस्त्रक्रियेआधी कोणी रात्रभर उपाशी ठेवायला सांगितलं, तर तो फेरेट आहे याची आठवण करून द्या, तीन-चार तास पुरतात.

घरात कोणाला फ्लू झाला असेल तर त्याने मास्क लावावा आणि लांब राहावं. माणसाचा फ्लू फेरेटला होतो, आणि त्याचा परत माणसाला. १९३३ साली विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा पकडला तो फेरेटच्या नाकात रुग्णांच्या घशातलं पाणी सोडूनच. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन मात्र त्याला कधीही देऊ नका.

दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. नर साधारण एक ते दोन किलो, मादी त्याच्या निम्म्या-पाऊण. थंडीत वाढतं, उन्हाळ्यात उतरतं, ते ठीक. पण ऋतू न बदलता आठवड्यात दहावा हिस्सा गेला तर फोन करा. शीकडेही रोज नजर असू द्या, मऊ टूथपेस्टसारखी आणि तपकिरी हवी.

राहता राहिला जोडीदार. फेरेटना सोबत आवडते, पण एकटा फेरेट दुःखीच असतो असं नाही, माणूस रोज दोन-तीन तास जमिनीवर बसून खेळणार असेल तर. तुमच्याकडचा अजून रुळलेला नाही, त्याचं खाणं बदलायचं आहे, चावणं सुधारायचं आहे. तीन-चार महिने थांबा. नंतर आणलात तर नवा फेरेट दोन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत ठेवा, त्याला हाताळल्यावर हात धुवा. वरून धडधाकट दिसणारं पिल्लू आतड्याचा एक विषाणू घेऊन येतं आणि तीन दिवसांत जुन्या फेरेटला हिरवे, चिकट जुलाब सुरू होतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. दोन आठवडे नीट गेले की आधी अंथरुणं अदलाबदल करा, मग कोणाच्याच मालकीची नसलेली जागा निवडून भेट घडवा. किंचाळणं, मान धरून फरफटणं होईल, ते होऊ द्या. रक्त आलं, किंवा एकाने भीतीने शी केली, तरच सोडवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच मिनिटांपासून सुरू करा.